मेलवर पैसे मागितले? आधी हे वाचा

रावेरहून आमची केळी दिल्लीला जातात. खोके पुरवणाऱ्या जुन्या पार्टीचा मेल आला: 'बँक खाते बदलले, या वेळचे पेमेंट नव्या खात्यात करा.' बिल खरे, रक्कमही बरोबर. भरू का?

भाऊ, थांबा. बिल खरे आहे म्हणून मेल खरा ठरत नाही. या फसवणुकीत चोर आधी तुमच्या किंवा त्यांच्या मेलबॉक्समध्ये शिरतो, जुना व्यवहार वाचून काढतो आणि बिलाची वेळ आली की खाते क्रमांक तेवढा बदलतो. त्यामुळे लेटरहेड, शिक्का, बोलण्याची पद्धत सगळे जुळते. मेल कधी खऱ्याच पत्त्यावरून येतो, कधी एका अक्षराचा फरक असतो. इंग्रजी 'एम'ऐवजी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवले तर घाईत कोणाच्या लक्षात येणार? मोबाइलवर पाठवणाऱ्याचे नुसते नाव दिसते, त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा.

तरी खरी खात्री फोनवरच होते. तुमच्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर मालकाशी बोला. मेलमधला नंबर वापरू नका, आणि मेलला उत्तर पाठवून विचारूही नका, कारण ते उत्तर चोरच देईल. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, तुम्ही लिहिलेल्या नावावर नाही. खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी २०२५ पासून द्यायची आहे, ती प्रत्येक नव्या खात्यासाठी वापरा. केळीच्या हंगामात रोज लाखोंची उलाढाल असते. एवढा एक फोन व्हायलाच हवा. त्या पार्टीलाही आजच सांगा, म्हणजे ते पासवर्ड बदलतील आणि त्यांचे बाकीचे व्यापारी वाचतील.

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. रिझर्व्ह बँकेचा मेल आहे की परदेशी लॉटरीचे साडेचार कोटी माझ्या नावे आलेत, १५,५०० रुपये शुल्क भरा, कोणाला सांगू नका. खाली अधिकाऱ्याची सही आहे. घरचे हसतात.

नाना, मेल खोटा आहे. रिझर्व्ह बँक तुमच्याआमच्यासारख्यांची खाती ठेवत नाही. परदेशी लॉटरीसाठी देशाबाहेर पैसे पाठवायलाच फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बंदी आहे. शुल्क भरलेत की पुढे कर, मग विमा, मग मंजुरीचा खर्च मागतील. कोटी कधीच येणार नाहीत. कोणाला सांगू नका, असे ते बजावतात, कारण घरात कोणी तरी अडवेल हे त्यांना पक्के ठाऊक असते.

घरच्यांना एक विनंती: हसू नका. हसतील या भीतीने माणूस पुढचे पैसे गुपचूप भरतो, आणि आयुष्यभराचा फंड असाच जातो.

नोकरीचे ऑफर लेटर मेलवर आले, लॅपटॉपसाठी अनामत मागतात. मी शिरपूरला शिकते.

भरू नकोस, ताई. कंपनीची वेबसाइट स्वतः शोध आणि तिथल्या नंबरवर विचार. आधार-पॅनच्या प्रती तर मुळीच पाठवू नकोस.

धुळ्याहून लिहितो. काल बँकेच्या नावाने मेल आला, लिंकवर ओटीपी टाकला आणि ६२ हजार गेले. सांगायची लाज वाटते.

वाचणे थांबवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवले जातात. कुठे तरी शिल्लक असतील तोवरच ते गोठवता येतात. मग बँकेला कळवून खाते, कार्ड, नेट बँकिंग बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा.

खरे तेच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेत घालवलेला प्रत्येक तास तुमच्या अंगावर पडतो. तो मेल रागाने डिलीट करू नका, पोलिसांना तो लागेल.