टँकच्या मॉडेलचं आतलं काम दिसणारच नसेल तर ते करायचं कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे: १/३५ स्केलचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या मापाचं) टी-३४/८५ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टँकचं, किट घेतलंय, आतल्या सगळ्या भागांसकट, हजारावर पार्ट आहेत. आतलं आधी रंगवून मग जोडायचं की जोडून मग रंगवायचं? आणि शेवटी जाता जाता विचारलंय की अपर हल, म्हणजे टँकच्या धडाचा वरचा भाग, बसवला की काही दिसतच नाही, मग इंजिन-गिअरबॉक्स वगळले तर चालतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नंतर देतो. दुसऱ्याचं आधी, कारण हा प्रश्न मी घरातच ऐकलाय आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. नाही चालणार. वगळायचंच होतं तर आत काही नसलेलं किट घ्यायचं, तशी भरपूर मिळतात.

मॉडेल करायला मला दादाने शिकवलं. स्प्रूवरून, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, पार्ट तोडताना निपर (कापायची छोटी पक्कड) पार्टला टेकवायचा नाही, थोडा दांडा ठेवून कापायचं आणि उरलेलं ब्लेडने हळूहळू उतरवायचं, हे त्याने माझा हात धरून दाखवलेलं आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आजही. त्याने भरलेला सांधा बोटाला लागत नाही. पण त्याचा एक नियम होता: जे दिसतं तेवढंच मॉडेल, बाकीचं सगळं प्लास्टिक. विमानाची कॉकपिट तो काळा रंग मारून बंद करायचा.

मी आतल्या भागासकट पहिला टँक घेतला तो हाच, टी-३४/८५. आठ महिने त्यावर बसलो होतो. ‘त्यात काय एवढं आठ महिने करायचं’ असं दादा तेव्हा विचारायचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या टँकला आतून जमीन अशी नाहीच. तळाला गोळ्यांच्या पेट्या मांडलेल्या, त्यांच्या झाकणांवर रबरी मॅट, आणि लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारा माणूस, त्यावर उभा. बुर्जाबरोबर (वरच्या फिरत्या, तोफेच्या भागाबरोबर) फिरणारी बास्केट, म्हणजे आतल्या माणसांना उभं राहायचा तळ, या टँकला नाही. भिंतीवरच्या आणि बुर्जाच्या मागच्या रॅकमधले गोळे संपले की त्या माणसाने पायाखालची मॅट गुंडाळायची, ज्यावर उभा आहे तीच पेटी उघडायची आणि तिथून ८५ मिलिमीटरचा गोळा वर उचलायचा, तेही बुर्ज आणि तोफेचा मागचा भाग डोक्याशी फिरत असताना. हे मी वाचलं होतं. पण त्या पेट्या एकेक करून चिकटवल्या, वर मॅट ठेवली आणि मग बुर्ज वरून धरून पाहिला, तेव्हा लोडरला उभं राहायला किती जागा उरते ते कळलं. बाजूच्या भिंतींचंही तसंच. या टँकच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा हलच्या आत आहेत, तिरक्या बसवलेल्या. बाहेरून फक्त पाच मोठी चाकं दिसतात. आतून त्या स्प्रिंगांच्या पेट्या भिंतीची जागा खातात आणि दोन पेट्यांच्या मधे डिझेलच्या टाक्या. म्हणजे माणूस टाकीला खांदा लावून लढणार. पुढे ड्रायव्हरच्या पायांशी दाबलेल्या हवेचे दोन सिलिंडर, इंजिन सुरू करायला. ही माहिती बाहेरच्या पत्र्यावर कितीही सुंदर गंज काढलात तरी मिळत नाही.

आणि रेडिओ. आधीच्या टी-३४/७६ मध्ये तो खाली हलमध्ये, पुढच्या मशिनगनवाल्याच्या शेजारी असायचा. ८५ मध्ये तो बुर्जात आला, कमांडरच्या हाताशी. माझा एक पूर्ण रविवार त्या रेडिओवर गेला. तबकड्यांची डीकॅल (चिकटवायची बारीक चित्रं) एकेक कापून लावली, प्रत्येकीवर टूथपिकच्या टोकाने ग्लॉस वार्निशचा एक थेंब ठेवला, काच दिसावी म्हणून. वाळल्यावर दिव्याखाली धरला तर त्या थेंबांत खिडकी उमटलेली दिसत होती. हेडफोनची वायर कुठून न्यायची ते ठरत नव्हतं, म्हणून रेडिओ बुर्जाच्या भिंतीला पांढऱ्या गोंदाच्या एका ठिपक्यावर नुसता टेकवून ठेवला. पुढे निघाला पाहिजे म्हणून.

काम अडलं होतं ते मागच्या बाजूला. अपर हल कोरडा बसवून पाहिला की इंजिनच्या वरचं डेक डावीकडे उचललेलं राहायचं, एटीएम कार्ड जाईल एवढं. इंजिनच्या दोन्ही बाजूंना रेडिएटर असतात, त्यातला एक वर आलाय की खाली इंजिनचं माउंटच तिरकं बसलंय, हे शोधत होतो. पाऊण मिलिमीटर म्हणजे खऱ्या टँकवर साधारण सव्वीस मिलिमीटर. कुठेतरी तेवढं चुकलं होतं आणि ते सापडल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं.

तेवढ्यात परीक्षा आली. बारा दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर टेबलावर टँक बंद झालेला. दादाने हल दाबून रबरबँड लावले होते आणि पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलचा प्लास्टिक विरघळवणारा गोंद, सांध्यातून सोडलं होतं. बुर्जाचे दोन्ही भागही जोडून टाकले होते. पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून, वर राखाडी प्रायमरसुद्धा मारला होता. सांधा कुठे आहे हे शोधून सापडेना. तो बाजूला उभा होता, मी खूश होईन म्हणून. त्याने ते प्रेमाने केलं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

मी ड्रायव्हरचं झाकण उघडून टॉर्च मारला. पातळ सिमेंट केशाकर्षणाने पळतं, फट मिळेल तिकडे जातं. ते आतल्या भिंतीवरून खाली उतरलं होतं आणि पांढरा रंग स्प्रिंगच्या पेट्यांपर्यंत सुरकुतला होता. बुर्ज उचलून हलवला तर आत टिक् टिक्. रेडिओ सुटला होता.

मी काहीच बोललो नाही, तेव्हा तो म्हणाला, “अरे, पण कुणाला दिसणार होतं?”

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, म्हणून लिहितोय. आपण ज्याला १/३५ म्हणतो ते स्केल कुणी गणित करून ठरवलेलं नाही. जपानच्या तामियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर टँकचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटरी आणि मोटर मावली पाहिजे म्हणून त्याचा आकार तेवढा घेतला, आणि नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ भरलं. पुढे बाकीच्या कंपन्याही त्याच मापावर आल्या. म्हणजे दादा ज्या मापात आयुष्यभर ‘बाहेरचं’ करत आला, ते मापच आत काय मावतं यावरून ठरलंय.

खऱ्या टँकचंही तेच. ७६ च्या बुर्जात दोनच माणसं, आणि कमांडरलाच तोफ चालवावी लागायची. ८५ मध्ये मोठी तोफ आणि तिसरा माणूस बसवायचा म्हणून बुर्ज ज्यावर फिरतो त्या कड्याचा व्यास १४२० मिलिमीटरवरून १६०० वर नेला. बाहेरून बुर्ज मोठा का दिसतो, तर आत एक माणूस वाढला म्हणून. आतलं करणाऱ्याला बाहेरचं कारण कळतं, हा माझा मुद्दा आहे, आणि दादा, तू हे वाचणारच, तर हे तुझ्यासाठीही आहे.

आता तुमचा रंगाचा प्रश्न. ‘आधी की नंतर’ असं एक उत्तर नाही. जे एकाच रंगाचं आहे ते आधी जोडा, मग रंगवा. जिथे रंग बदलतो तिथे पार्ट वेगळा ठेवा. बाजूची भिंत, स्प्रिंगच्या पेट्या, टाक्या हे सगळं पांढरं, ते जोडून एकदम एअरब्रशखाली घ्या. सीट, गोळे, रेडिओ, अग्निशामक वेगळे. इंजिनचा गट वेगळा, त्यामागचा पंखा आणि गिअरबॉक्स वेगळा. बुर्जाचा वरचा आणि खालचा भाग शेवटपर्यंत वेगळे.

पण रंगाला हात लावण्याआधी सगळं आतलं मास्किंग टेप आणि ब्लू टॅकवर (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट मातीवर) कोरडं उभं करून अपर हल बसवून पाहा. प्रत्येक गट झाल्यावर पुन्हा पाहा, रंगवल्यावर पुन्हा पाहा. प्रायमर, रंग, वॉश (कोपऱ्यांत साचवायचा पातळ गडद रंग), वार्निश असे चार थर एका सांध्यात दोन्ही बाजूंनी येतात आणि हजार पार्टांच्या किटमध्ये ते साचत जातात. माझं डेक त्यामुळेच उचललं गेलं असणार असं आज वाटतं. जिथे चिकटणार तो भाग टेपने झाका किंवा रंग ब्लेडने खरवडून काढा. सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, रंगावर लावलं तर फक्त रंगच एकमेकांना चिकटतो.

पांढरा शुद्ध पांढरा घेऊ नका, खेळणं दिसतं. राखाडी प्रायमरवर किंचित मळकट पांढऱ्याचे पातळ थर द्या. आतून टँक पांढरा रंगवायचे ते प्रकाश कमी म्हणून, त्यामुळे भिंती उजळच राहू द्या. गडद तपकिरी वॉश फक्त कोपऱ्यांत आणि बोल्टांभोवती. पेडल आणि पेट्यांच्या कडांवर पेन्सिलीचं शिसं बोटाने घासा, धातू झिजल्यासारखं दिसतं, रंगापेक्षा बरं. इजेक्टर पिनच्या (साच्यातून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या पिनच्या) गोल खुणा प्रायमरच्या आधी भरा. पांढऱ्यावर त्या नंतर फार उठून दिसतात. पुढे जर्मन टँक कराल तेव्हा हेच करू नका, तिथे वर हस्तिदंती आणि खाली तळाला लालसर तपकिरी प्रायमर असतो. आणि अमेरिकन शर्मन असेल तर आत पांढरा असला तरी झाकणांची आतली बाजू बाहेरच्याच हिरव्या रंगाची, उघडल्यावर लांबून पांढरं चमकू नये म्हणून.

दिसण्याचं म्हणाल तर तुमच्या टँकमध्ये सोय आहे. ड्रायव्हरचं झाकण मोठं आहे, उघडं ठेवा. बुर्ज चिकटवू नका, उचलून आत पाहता येतं. मागची तिरकी वरची प्लेट खऱ्या टँकवर बिजागरीवर खाली उघडते, ती उघडी ठेवली की गिअरबॉक्स दिसतो. अपर हलला चार कोपऱ्यांत छोटे मॅग्नेट लावले तर सिमेंट लागतच नाही. मी आता तसंच करतो. धीर असेल तर एक बाजू कापूनच टाका. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये एक खरा सेंच्युरियन टँक तसा उभा कापून ठेवलाय, म्हणजे यात मॉडेलची बेअदबी वगैरे काही नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: हे तुमचं पहिलंच मॉडेल असेल तर हे किट बाजूला ठेवा आणि आधी दोन साधे टँक करा. आतल्या भागाचं किट चुका माफ करत नाही. आणि दादाचं एक म्हणणं खरं आहे, तेही सांगतो. आतल्याच्या नादात माझी तीन मॉडेल अर्धी पडली आहेत, त्याचं एकही नाही. तुम्ही सहा महिने एकाच भिंतीवर अडकलात तर ती भिंत तशीच राहू द्या आणि पुढे जा. फक्त तो निर्णय तुमचा हवा.

चिकटवण्याआधी एक करा. बुर्ज बंद धरून कानाशी न्या, उलटा करा, सगळ्या बाजूंनी हलवा. हलचंही तसंच. अगदी बारीक टिक् आलं तरी सिमेंटची बाटली बंद करा आणि काय सुटलंय ते आधी शोधा.