घरी सराव आणि गणपतीत स्टेज, दोन्हीकडे जाड रॉक आवाज देणारा गिटारचा एकच अ‍ॅम्प कोणता?

बेळगावच्या टिळकवाडीत भिंतीला भिंत लागून घर असेल तर सरळ बॉस कटाना ५० घ्या. त्याची ताकद अर्ध्या वॅटवर आणता येते, म्हणजे शेजारच्या काकू दार वाजवणार नाहीत. मंडळाच्या स्टेजवर पूर्ण ५० वॅट. स्पीकर १२ इंची, त्यामुळे खालचे सूर भरीव येतात.

जाडपणा नुसत्या गेनमधून (आवाज फाटका, खरखरीत करणारं बटण) येत नाही. गेन निम्म्याच्या जरा वर ठेवा आणि मिडल, म्हणजे मधल्या सुरांचं बटण, वाढवा. बहुतेक पोरं मिडल पाडतात, मग ड्रम सुरू झाले की गिटार गायब! गिटारला हंबकर पिकअप (तारांचा आवाज टिपणारे दुहेरी कॉइलचे चुंबक) असतील तर सोन्याहून पिवळं.

व्हॉल्व्हवाला, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, मार्शल डीएसएल४० अ‍ॅम्प सुरेखच, पण खोलीत तो खुलत नाही, आणि खानापूर-निपाणीला टेम्पोतून नेताना जीव व्हॉल्व्हमध्येच अडकतो. घेण्याआधी स्वतःची गिटार लावून ऐका, त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागलं तरी.