'गेट'चा अर्थ लागत नाही!

प्रश्न : 'गेट म्हणजे मिळणे' असं शाळेत पाठ केलं होतं. मग 'इट्स गेटिंग लेट' या वाक्यात कोणाला काय मिळतं?

कोणालाच काही मिळत नाही, फक्त उशीर होत जातो. 'गेट'चा अर्थ त्याच्या शेजाऱ्याला विचारायचा. पुढे नाम असेल, जसं 'गेट अ जॉब', तर बहुधा मिळणं किंवा आणणं. विशेषण आलं की तोच 'होणे' बनतो : 'गेट अँग्री', 'गेट ओल्ड'. ठिकाण आलं तर पोचणं : 'आय गॉट होम अ‍ॅट टेन'. आणि 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे काही कळत नाही.

यावरून इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं 'लागणे' बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वाटेत गाव लागतं, ओळीचा अर्थ लागतो, कधी वाटही लागते. मराठी शिकणाऱ्याने 'लागणे म्हणजे नेमकं काय हो?' असं विचारलं, तर सुरुवात कुठून करणार?

प्रश्न : ऑफिसच्या पत्रात मी 'गेट' लिहिलं की साहेब खोडतात. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अक्वायर' यांतलं काहीही चालेल ना?

काहीही नाही चालणार. 'रिसीव्ह'मध्ये वस्तू आपल्याकडे चालत येते, आपण फक्त हात पुढे करायचा : पत्र, पगार, पाहुणे. 'ऑब्टेन'मागे खटपट असते : परवानगी, परवाना, दाखल्याची प्रत. 'आय ऑब्टेन्ड युअर लेटर' असं लिहिलंत, तर तुम्ही ते पत्र कुणाच्या तरी कपाटातून पैदा केलंत असं वाटेल. 'अक्वायर' म्हणजे कमावणं, बहुधा हळूहळू : भाषा, कौशल्य, एखादी सवय. एक कंपनी दुसरी विकत घेते तिथेही हाच शब्द.

साहेबांच्या खोडण्यामागे जुना इतिहास आहे. 'गेट' स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या बोलीतला. इंग्लंडमध्ये 1066 साली नॉर्मन आले, पुढे कोर्टकचेरीत फ्रेंच बसली आणि हे तिन्ही शब्द फ्रेंच-लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत शिरले. म्हणून ते अजून कोट घालून वावरतात, 'गेट' घरच्या कपड्यांत. तरी साहेबांशी मी निम्माच सहमत आहे. सहकाऱ्याला 'डिड यू गेट माय मेल?' विचारण्यात काहीच गैर नाही, तिथे 'ऑब्टेन' हाच विनोद होईल.

प्रश्न : 'गॉटन' चूक की बरोबर?

अमेरिकेत बरोबर, ब्रिटनमध्ये आता 'गॉट'. गंमत म्हणजे 'फरगॉटन' दोन्हीकडे शाबूत आहे. मात्र जवळ असणं या अर्थाने अमेरिकन माणूसही 'आय हॅव गॉट अ कार' असंच म्हणतो.

प्रश्न : 'शी वॉज मॅरिड' आणि 'शी गॉट मॅरिड' यांत फरक काय?

'गॉट'मध्ये घटना आहे : लग्न झालं, त्या दिवशी. 'वॉज'मध्ये बहुधा अवस्था : ती विवाहित होती. जाता जाता, 'गॉट मॅरिड विथ हिम' लिहू नका. 'त्याच्याशी' मधला आपला 'शी' तिथे 'विथ' होऊन घुसतो. तिथे 'टू' हवं. किंवा सरळ 'शी मॅरिड हिम'.

प्रश्न : 'आय मेड हिम सिंग' आणि 'आय गॉट हिम टू सिंग' एकच ना?

जवळचे, पण एक नाहीत. 'मेड'मध्ये भाग पाडलं : तो नको म्हणत होता, तरी गायला. 'गॉट'मध्ये गळ घातली, हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि शेवटी तो तयार झाला. 'मेड'नंतर 'टू' येत नाही, 'गॉट'नंतर आलाच पाहिजे. आपण दोन्हीकडे 'गायला लावलं' म्हणून मोकळे होतो. म्हणजे फिरून गाडी 'लागणे'च्या दारात, या वेळी त्याच्या भावाकडे, 'लावणे'कडे.