दुसऱ्या खेपेला जा

बेटा,

तुझं पत्र मिळालं. संस्थेच्या कामात पहिल्या महिन्यात बाळंतिणींची सतरा घरं फिरलीस आणि एकाही घरानं ऐकलं नाही, असं लिहिलं आहेस. मला चित्र दिसतंच आहे. चिकाचं दूध, हात धुणं, दोन लेकरांतलं अंतर, सगळं तू नीट सांगितलं असणार. त्यांनी माना हलवल्या असतील, काळा चहा पाजला असेल, आणि तू उंबऱ्याबाहेर पडल्यावर घर होतं तसंच चालू राहिलं असेल. मीही सुरुवातीचं एक वर्ष असंच बोलत फिरले.

माझ्या पहिल्या हंगामातली गोष्ट सांगते. केळापूर तालुक्यात कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, एकोणीस वर्षांची बाळंतीण होती. बाळ चार महिन्यांचं, दीड महिन्यापासून वजन जागचं हललेलं नाही. मी काटा लावला, आकडा पाहिला आणि चार बायांसमोर तिला म्हटलं, "अगं, दूध पाजतेस की नाही?" ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला गेले तर दाराला कडी. त्याच्या पुढच्या खेपेलाही कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "वावरात गेली."

एकदा मग मी रागारागानं वावरातच गेले. कापूस वेचणीचे दिवस. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीजवळ तिची सात वर्षांची नणंद बसलेली, पोरीच्या हातात साखरपाण्याची वाटी आणि कापसाची वात. लेकरू रडलं की वात त्याच्या तोंडात. आई कपाशीच्या तासाच्या, म्हणजे ओळीच्या, पार दुसऱ्या टोकाला, कमरेला ओटी बांधून वाकलेली. वेचणीचे पैसे किलोवर. पाजायला झाडापर्यंत यायचं, पाजायचं, परत तास धरायचा, की संध्याकाळी काट्यावर तेवढे किलो कमी. तिचं दूध आटलेलं नव्हतं. दूध वावराच्या एका टोकाला होतं आणि लेकरू दुसऱ्या टोकाला, एवढंच.

"दूध पाजतेस की नाही" हा माझा प्रश्न मला अजून आठवतो. रात्री आठवला तर झोप जाते.

मग आम्ही काय केलं? तिची अर्ध्या दिवसाची वेचणी सोडवली आणि तेवढ्या मजुरीचं ज्वारी, तूरडाळ, तेल संस्थेनं दोन महिने भरलं. अंगणवाडी उघडायच्या आधीच बाया वावरात पोचलेल्या असतात, म्हणून समाजमंदिरात हंगामापुरतं पाळणाघर काढलं. पोडावरच्याच दोन म्हाताऱ्या, थोडं मानधन, आढ्याला चार झोळ्या, मोठ्या लेकरांना सकाळी खिचडी. नणंद शाळेत गेली. तीन आठवड्यांनी काटा हलला. त्यात उपदेशाचं एकही वाक्य नव्हतं.

म्हणून तुला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. पहिल्या खेपेला आपण बोलतो, घर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलतं. "काय जेवलीस" असं विचारलं तर ती "जेवली" म्हणणारच. भाजी निवडायला बस, पाणी भरायला सोबत जा, मग कळतं की डाळ घरच्या पुरुषांच्या ताटापर्यंतच पुरते. सासू कोलामीत काय पुटपुटते तेही थोडं शिकून घे. पोडावर बाळंतिणीचं काय करायचं हे बहुतेक वेळा तीच ठरवते, आणि ती आपली दुश्मन नाही. तिनं तिची पाच बाळंतपणं कुणाच्याही मदतीशिवाय काढलेली असतात.

नवजात बाळाच्या घरी जाशील तेव्हा गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, सोबत घे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं घरी जायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत दिल्लीत कुणाच्या टेबलावर जन्मलेली नाही. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण बासष्ट टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशांच्या कामात आलं. सांगायचं एवढ्यासाठी, की तुझ्याकडे समाजकार्याची, एमएसडब्ल्यूची पदवी आहे म्हणून आशाताईच्या वरचढ होऊ नकोस. या भेटींचे तिला अडीचशे रुपये मिळतात, तेही वेळेवर मिळतील असं नाही. आपण तिच्या वहीत न मावणाऱ्या गोष्टींसाठी जातो.

बापाला विसरू नकोस. आपल्या कामात बाप नेहमी दाराआड किंवा पानठेल्यावर असतो आणि आपणही त्याला तिथंच राहू देतो. दोन वर्षांपूर्वी घाटंजीकडच्या एका गावात एकोणीसशे ग्रामचं बाळ दवाखान्यातून घरी आलं. डिसेंबरची थंडी. आईला ताप. बाळाला कातडीला कातडी लावून उराशी धरायला कुणीतरी हवं होतं आणि घरात बाप होता, बावीस वर्षांचा, ट्रॅक्टरवर जाणारा. त्याची आई म्हणे, "हे काय बाप्या माणसाचं काम हाय?" त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, वरून शर्टाच्या गुंड्या लावल्या तर चालते काय? कोणाले दिसू नये." म्हटलं, बाळाचं नाकतोंड मोकळं राहू दे, मग खुशाल लाव. चौथ्या दिवशी गेले तर गडी ओट्यावर दोस्तांसोबत बसलेला, गुंड्या लावलेल्या आणि गळ्यातून लाल टोपडं वर डोकावतंय.

एक बाळंतीण तुला अशीही भेटेल जी बाळाकडे पाहतच नाही, पाजत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. घरचे म्हणतील बाहेरचं झालं, आणि कुणाला तरी बोलावतील. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांनी उतारा टाकला तर टाकू दे, पण त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेण्याचं कबूल करून घे. 'टेली-मानस' या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मात्र जीव द्यायच्या, बाळाला काही करायच्या गोष्टी तिच्या तोंडून निघाल्या, तर फोनवर थांबू नकोस. त्या रात्री तिला एकटीला ठेवायचं नाही आणि गाडी करून दवाखाना गाठायचा. गाडीचे पैसे संस्थेच्या तातडीच्या खर्चातून घे, परवानगी नंतर.

योजनांचं काम कंटाळवाणं आहे, पण घर त्यावरच तगतं. बाळंतिणींसाठीच्या सरकारी मातृवंदना योजनेत पहिल्या लेकरासाठी पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पैसा अडतो तो लहानशा जागी. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि ओटीपी जातो तेलंगणात कामाला गेलेल्या दिराच्या मोबाईलवर. नुसतं "अर्ज करा" म्हणून येऊ नकोस. तिच्यासोबत बँकेत जा, रांगेत उभी राहा. माझे निम्मे बुधवार पांढरकवड्याच्या रांगांत गेले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता तू शेवटी विचारलंस त्याबद्दल. नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, दोन लेकरं पदरात, आणि ती बाई तुला म्हणाली, "यायले तुमच्या संस्थेत ठेवून घ्या ना ताई, माह्याच्यानं होत नाही." तू हो म्हणायच्या बेतात होतीस. बरं झालं, आधी लिहिलंस.

हो म्हणू नकोस. नाही असंही म्हणू नकोस. तिच्याजवळ बस आणि 'होत नाही' म्हणजे नेमकं काय ते एकेक करून काढ. किराणा होत नाही, की सावकार दारात येतो, की दीर राहतं घर मागतो, की तिला रात्री झोपच येत नाही? यातलं लेकरं वसतिगृहात टाकून सुटणारं काहीच नाही. २०१५चा बाल न्याय कायदाही तेच सांगतो, लेकरू शक्यतोवर कुटुंबात, संस्था अगदी शेवटी. तिच्या दोन्ही लेकरांसाठी बाल संगोपन योजनेचा अर्ज कर. बाल कल्याण समितीनं मंजूर केलं की दरेकी महिन्याला २२५० रुपये. मंजुरीला वेळ लागतो, तोवरचं आपण पाहू. मोठ्याची शाळा बदलू देऊ नकोस. बाप गेला, शाळाही गेली, तर त्या पोराजवळ उरतं काय?

मारहाण असेल, लेकराच्या अंगाला कुणी हात घालत असेल, तर हे सगळं बाजूला. तिथं घर जपायचं नसतं. १०९८ ही लेकरांची हेल्पलाइन लाव आणि मला फोन कर, रात्रीचे दोन का असेनात.

आणि झरी-जामणीकडच्या त्या कुमारी मातेच्या घरी कुणाही पत्रकाराला नेऊ नकोस, तो कितीही भला वाटला तरी. तिकडच्या अशा पोरींचे फोटो छापून लोक मोठे झाले, पोरी होत्या तिथंच आहेत. बाळ दत्तक द्यायचं का, हे तिचं तिला ठरवू दे. बाल कल्याण समितीपुढं सही केल्यावरही फेरविचाराला दोन महिने असतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तू सांग, आणि तिच्या आईसमोर नको, एकटीला सांग.

सोमवारी पोडावरच्या त्या जुळ्यांचा सातवा दिवस. आशाताई सकाळच्या एसटीनं येते, तिच्यासोबतच जा. वजनकाट्याचे सेल उतरलेत, मागच्या वेळी आकडा नाचत होता. चौकातून नवे घे. झोळी धुऊन उन्हात वाळव. आणि थोरल्या बहिणीसाठी एखादी पाटी-पेन्सिल घेऊन जा. सगळे बाळं पाहायला येतात, ती दाराशी उभी असते.

तुझी
ताई