चार महिन्यांच्या बाळाचे हर्नियाचे ऑपरेशन: थांबावे का?

तुमच्या चार महिन्यांच्या मुलाला उजव्या जांघेत हर्निया असल्याचे निदान झाले आहे, घरातील वडीलधारी मंडळी "वर्षाचा होऊ द्या, अंग धरले की आपोआप बसेल" असे म्हणत आहेत आणि तुम्हाला स्वतःला भुलेची धास्ती वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मुलाचे हेच ऑपरेशन तो पाच महिन्यांचा असताना झाले. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: थांबू नका.

बेंबीचा आणि जांघेतला हर्निया यांची घरोघरी गल्लत होते. बेंबीचा बहुधा वयाबरोबर बुजतो, जांघेतला बुजत नाही. वृषण पोटातून खाली उतरण्याची वाट जन्माच्या सुमारास मिटायला हवी असते. ती उघडी राहिली की आतडे तिच्यातून खाली येते, आणि ते तेथे अडकण्याचा धोका पहिल्या वर्षातच सर्वाधिक असतो. आमचा मुलगा अंघोळीनंतर रडू लागला की सुपारीएवढा फुगवटा येई आणि तो शांत झाला की नाहीसा होई. एका संध्याकाळी मात्र तो गेलाच नाही. हाताला घट्ट लागू लागला आणि नुसते बोट लावले तरी मूल कळवळून रडे. रुग्णालयात डॉक्टरांनी तो हळुवार दाबून आत बसवला आणि दोन दिवसांनी ऑपरेशन केले. तुमच्या बाळाचा फुगवटा कडक झाला, लाल पडला किंवा बाळाला हिरवट उलटी झाली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठा, आणि घरी तो दाबत बसू नका.

भुलेचा बुद्धीवर परिणाम होईल का, हा प्रश्न मलाही छळत होता. नेमक्या याच ऑपरेशनसाठी आलेल्या ७२२ तान्ह्या बाळांवर सात देशांतील २८ रुग्णालयांत अभ्यास झाला असून त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. काही बाळांना पूर्ण भूल दिली होती, तर काहींना जागेपणीच कमरेखालचा भाग बधिर करून. पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. या ऑपरेशनला लागणारी भूल बहुधा तासाभराच्या आतलीच असते.

खरी परीक्षा उपाशी ठेवण्याची आहे. सर्वसाधारण नियम असा की वरचे दूध सहा तास आधी आणि अंगावरचे चार तास आधी बंद करायचे. आम्हाला मात्र वॉर्डात सरसकट "रात्री बारानंतर काही नको" असे सांगितले गेले आणि नंबर सकाळी दहाचा असल्याने मूल दहा तास उपाशी राहिले. पहाटे सहाच्या आत एकदा पाजता आले असते, हे मला भूलतज्ज्ञांकडून नंतर कळले आणि ते आजही मनाला लागते. माझ्या कुशीत त्याला दुधाचा वास येई, तो पदर ओढून ओढून रडे. अखेर यजमानांनी त्याला घेतले, तेव्हा त्यांच्या शर्टाची कॉलर चोखत चोखत तो झोपला. म्हणून सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, शेवटचे दूध किती वाजता पाजायचे हे भूलतज्ज्ञांनाच विचारून कागदावर लिहून ठेवा, आणि त्या तासांत बाळ त्याच्या वडिलांकडे किंवा आजीकडे द्या.

ऑपरेशन स्वतः लहान असते. जांघेच्या घडीत बारीक छेद घेतात, मोठ्या माणसांसारखी जाळी बसवत नाहीत, आणि टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. नंतर अंडकोशावर थोडी सूज आली तर घाबरू नका, ती काही दिवसांत उतरते. वेदनाशामक औषध वजनानुसार ठरते, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेलेच द्या.

तुमचे बाळ ३५ आठवड्यांचे, म्हणजे पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेले आहे, म्हणून भुलेनंतर श्वासावर लक्ष ठेवण्यासाठी त्याला रात्रभर ठेवून घेण्याची शक्यता आहे. तशी तयारी ठेवूनच जा: सैल झबली, जास्तीचे लंगोट आणि तुमच्या स्वतःच्या जेवणाचा डबा, कारण शुद्धीवर आल्यावर बाळ लगेच दूध मागेल आणि तोवर तुमच्याही पोटात काही गेलेले नसेल.