सर्वांत शक्तिशाली जादूगार कोण? आधी माप ठरवा

प्रश्न असा आहे: 'कथा-कादंबऱ्यांतला सर्वांत शक्तिशाली जादूगार कोण? गँडाल्फ, डंबलडोर आणि डॉक्टर स्ट्रेंज यांची लढत लावली तर कोण जिंकेल? (आपल्याकडे असं पात्रच नाही, त्यामुळे परदेशीच सांगा.)'

कंसातलं वाक्य नसतं तर मी वाचून पुढे गेले असते. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, तेही घरातल्याच माणसाच्या तोंडून. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या तिघांचं आधी उरकते. गँडाल्फ दिसतो दाढीवाला म्हातारा, पण तो माणूस नाही. टोल्किनच्या जगात तो सृष्टी घडायच्या आधीपासूनचा आत्मा आहे. त्याला म्हाताऱ्याच्या देहात पाठवलं आणि पाठवतानाच बजावलं की तिथला खलनायक सॉरॉन याच्या ताकदीला ताकदीने भिडायचं नाही, लोकांना धाकात ठेवून वळवायचं नाही. हॅरी पॉटरमधला डंबलडोर माणूस आहे, हुशार आहे, त्याच्या हातात एल्डर वाँड म्हणजे त्या जगातली सर्वांत ताकदवान छडी आहे, पण त्याच्या जगात मेलेला परत येत नाही आणि हवेतून जेवणसुद्धा काढता येत नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीची जोड लावताना वस्ताद वजन बघतो, तयारी बघतो. इथे तुम्ही सृष्टीआधीच्या एका आत्म्याला आणि शाळेच्या मुख्याध्यापकाला एकाच मातीत सोडलंय. राहिला डॉक्टर स्ट्रेंज. स्टीव्ह डिट्को आणि स्टॅन ली यांनी तो १९६३ साली मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आणला, आणि तेव्हापासून इतक्या लेखकांनी तो लिहिलाय की त्याची ताकद त्या त्या महिन्याच्या अंकावर ठरते. माझा निकाल: गँडाल्फवरची बंधनं काढली तर गँडाल्फ, ठेवली तर स्ट्रेंज, आणि डंबलडोर दोन्हीकडे तिसरा.

आता कंसाकडे येते.

माझी आत्या पुण्यात असते. ती दर नवरात्रात अंबाबाईची ओटी भरायला कोल्हापूरला यायची आणि माझ्या आत्येभावाला बरोबर आणायची. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. दादाकडे एक फुलस्केप वही होती. प्रत्येक पानावर एक जादूगार, त्याखाली रकाने: हल्ला, बचाव, वेग, विनाशक्षमता. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण आणि शेवटी बेरीज. वही अतिशय नीट ठेवलेली, तांबड्या शाईने रेघा मारलेल्या. मला तिचं फार आकर्षण होतं, कारण आमच्याकडे जादूच्या गोष्टी आज्जीच्या तोंडून यायच्या आणि त्यांना कुणी गुण दिले नव्हते.

आमच्या घरी श्रावणात नवनाथ भक्तिसाराचं पारायण असतं. धुंडीसुत मालूची ही पोथी १८१९ सालची, अध्याय चाळीस. आज्जी वाचायची आणि मी तिच्या मांडीला टेकून ऐकायची. त्यामुळे वही बघितल्यावर मी पहिलं विचारलं, "दादा, यात मच्छिंद्रनाथ कुठायत?"

तो म्हणाला, "ते देवादिकांचं आहे. ते चालत नाही. वहीत फक्त फँटसी."

मी पानं उलटली. वहीत थॉर होता. लोकी पण होता. थॉर म्हणजे नॉर्वेकडच्या लोकांचा गडगडाटाचा देव, शतकानुशतकं त्याची पूजा झालेली. तो वहीत चालत होता आणि मच्छिंद्रनाथ चालत नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, थॉर मार्व्हलचा आहे."

त्याच नवरात्रात ललिता पंचमीला आज्जी आम्हा दोघांना टेंबलाईला घेऊन गेली. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्याच, भेटीला जाते. तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशुळाने कोहळा फोडतात आणि त्याची फोड मिळावी म्हणून अशी झुंबड उडते की लहान पोरांना खांद्यावर घ्यावं लागतं. दादाने विचारलं, हे कशासाठी? आज्जीने गोष्ट सांगितली.

कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. बापाला देवीने मारल्यावर त्याने कपिल मुनींचा योगदंड मिळवला, आणि त्या दंडाने अंबाबाईसकट सगळ्या देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. आज्जीने इथे जरा श्वास घेतला तेवढ्यात दादा म्हणाला, "म्हणजे तुमची अंबाबाई एका काठीने मेंढी झाली? मग कसली शक्ती? बचावाला शून्य गुण."

आज्जी म्हणाली, "पुढचं ऐकून तर घे की बाळा."

पुढचं असं: त्र्यंबोलीने तो योगदंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं आणि सगळ्यांना परत मूळ रूप दिलं. नंतर विजयाचा सोहळा झाला आणि त्यात नेमकं त्र्यंबोलीला बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तेव्हापासून अंबाबाई दरवर्षी तिची समजूत काढायला स्वतः जाते.

दादाने हे ऐकलं आणि त्र्यंबोलीला अंबाबाईपेक्षा जास्त गुण देऊन टाकले. परतताना गर्दीत तो मला बेरीज समजावत होता. मी रडले नाही, पण घरी आल्यावर जेवलेही नाही. वाद तिथून सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. दादा आता हिंजवडीला नोकरी करतो आणि घरात कुणाचं लग्न असलं की पंगतीत बसल्यावर हाच विषय काढतो.

माझं म्हणणं त्या दिवसापासून एकच आहे. तुम्ही माप चुकीचं धरता. कामाक्षाने काय केलं? दुसऱ्याचा दंड मिळवला आणि समोरच्याला होत्याचं नव्हतं केलं. कुणाच्याही हातात तो दंड दिला असता तर त्यालाही ते जमलं असतं. मोडण्याची जादू साधनात असते. त्यात जादूगाराची परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती मोडलेलं पहिल्यासारखं करता येतं का, इथे. त्र्यंबोली मोठी ठरते ती कामाक्षाला मारल्यामुळे नाही, मेंढ्या झालेल्यांना परत देव केल्यामुळे. आणि अंबाबाईला कमी समजू नका. एवढी मोठी देवी चूक आपल्याकडून झाली म्हणून पालखीत बसून टेकडी चढते. दादाच्या वहीत यासाठी रकाना नव्हता. तुमच्या प्रश्नातही नाही.

या मापाने परत बघा, सगळी यादी बदलते.

२०१६ च्या सिनेमातला डॉक्टर स्ट्रेंज मला पटतो तो शेवटी. हाँगकाँग उद्ध्वस्त झालेलं असतं, तो काळ उलटा फिरवतो आणि कोसळलेल्या भिंती परत उभ्या राहतात. नंतर डोर्मामू या खलनायकासमोर तो ताकदीने जिंकत नाही. त्याच क्षणात त्याला अडकवतो, पुन्हा पुन्हा मरतो आणि समोरच्याला कंटाळून तह करायला लावतो. पोरं मात्र आरशासारखी दुमडणारी शहरं लक्षात ठेवतात.

परदेशी एकच नाव हवं असेल तर मी गेड सांगेन. उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी कथांमधला, पहिलं पुस्तक १९६८ चं. तिथे प्रत्येक वस्तूचं खरं नाव माहीत असणं म्हणजेच जादू, आणि कुठेही ढवळाढवळ केली की जगाचा तोल ढळतो. पहिल्या पुस्तकात तो पोरसवदा घमेंडीत मेलेल्याला हाक मारतो आणि जी काळी छाया मोकळी सुटते तिच्यामागे त्याला जगाच्या टोकापर्यंत जावं लागतं. तिसऱ्या पुस्तकात जिवंत आणि मेलेल्यांच्या मधलं दार कुणीतरी उघडं टाकलेलं असतं. ते बंद करताना गेडची सगळी जादू संपते. सगळी. तो नंतर साधा माणूस म्हणून घरी जातो. दादाच्या बेरजेत हा माणूस शेवटी शून्यावर येईल. माझ्या लेखी तिथेच तो सगळ्यांच्या वर जातो.

आता 'आपल्याकडे पात्रच नाही' याचं उत्तर. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला. त्यात विद्याधर आहेत, आकाशात उडण्याच्या आणि रूप बदलण्याच्या विद्या आहेत, आणि क्षांतिशील नावाचा एक भिक्षू आहे. तो राजा त्रिविक्रमसेनाला रोज एक फळ आणून देतो आणि प्रत्येक फळात एक रत्न असतं. राजा कुठला? गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. भिक्षूला वेताळाकरवी विद्याधरांचं राज्य मिळवायचं असतं आणि त्यासाठी राजाचाच बळी द्यायचा असतो. वेताळ राजाला सावध करतो. भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगतो तेव्हा राजा म्हणतो, मी राजा आहे, मला सवय नाही, तुम्ही करून दाखवा. तो वाकतो आणि राजा त्याचं मुंडकं उडवतो. नंतर वेताळ वर माग म्हणतो तेव्हा राजा काय मागतो? या कथा सगळ्या जगात प्रसिद्ध होवोत. इतकी वर्षं आपण विक्रम-वेताळ ऐकतोय ते त्या वरामुळे, असं मला लहानपणी खरंच वाटायचं आणि अजूनही वाटतं.

नवनाथांकडे या. सेतुबंध रामेश्वरावर मारुती मच्छिंद्रनाथांवर डोंगर फेकतो. नाथ वाताकर्षण मंत्र टाकतात आणि हातात डोंगर उचललेला मारुती जागच्या जागी खिळतो. वायुदेव येऊन विनंती करतो तेव्हा ते सोडतात, आणि दोघांची मैत्री होते. दादाच्या 'हल्ला' रकान्यात हे बसतं हो, दहापैकी दहा. पण मला त्यातलं सोडून देणं मोठं वाटतं.

आणि माझं पहिलं नाव रेवणनाथ. विटे गावात, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याला, रेवणनाथ एका ब्राह्मणाच्या घरी उतरतात. त्या जोडप्याची सहा मुलं गेलेली असतात आणि नाथ घरात असतानाच त्या रात्री सातवं जातं. मी घरात असताना हे झालं कसं, म्हणून ते उठतात, यमाकडे जातात, तिथून कैलासावर जातात, शिवगणांशी झुंजतात आणि सातही मुलं परत आणतात. ज्या भिंतीपाशी डंबलडोर थांबतो आणि जिला सांधताना गेड स्वतः रिता होतो, ती भिंत हा जोगी परक्याच्या पोरांसाठी ओलांडून जातो. विट्याजवळ रेणावीला आजही रेवणसिद्धाचं देऊळ आहे. आमच्या घरापासून दिवसात जाऊन येण्याजोगं. त्या गावाला कुणी जाऊन सांगून बघावं की आपल्याकडे असं पात्र नाही.

दादाचा नेहमीचा मुद्दा असा की आपल्या गोष्टी पडद्यावर कुणी आणल्या नाहीत म्हणून त्या मोजायच्या नाहीत. हे पुण्यात राहून बोलणं मला जास्त लागतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. जायच्या आधी, १९३२ साली, इथेच व्ही. शांताराम यांनी 'माया मच्छिंद्र' केला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी. शेवटी कळतं की गुरूने शिष्याला शिकवण्यासाठी ती सगळी माया उभी केली होती. डॉक्टर स्ट्रेंजचा जन्म व्हायला तेव्हा अजून एकतीस वर्षं होती.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. नवनाथांची पोथी आणि करवीर माहात्म्य, म्हणजे कोल्हापूरच्या देवस्थानाची पोथी, हे अनेकांच्या श्रद्धेचे विषय आहेत, आमच्या घरातही आहेत. इथे मी फक्त गोष्ट म्हणून त्यांच्याकडे बघितलंय, खरं-खोटं ठरवत नाहीये. टेंबलाईची कथा घरोघरी थोडी वेगळी सांगतात, मी आज्जीची सांगितली. आणि जपानी अॅनिमेमधली मंडळी मी यात धरलेली नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न टाका.

तुम्ही स्वतः यादी करणार असाल तर रकाने जरूर आखा, त्यात मजा आहे. पण 'विनाश' हा रकाना एक ठेवलात तर 'पूर्ववत करणे' याचा एक ठेवा, आणि 'किंमत काय मोजली' याचा एक. देव चालत नाहीत असा नियम केलात तर तो सगळ्यांच्या देवांना लावा. थॉर घेतलात तर मच्छिंद्रनाथांना बाहेर उभं करू नका. सिनेमा आलाय म्हणून एक खरा आणि पोथी आहे म्हणून दुसरा खोटा, ही वाटणी मला कधीच मान्य होणार नाही.

दादा इथली उत्तरं वाचतो हे मला माहीत आहे. दादा, खाली लिही, पण थॉर वहीत कसा चालला ते आधी सांग.