वेचणी संपेपर्यंत थांबू नकोस

"ताई, मी आर्वी तालुक्यातली, वय ४१. पंधरा दिवसांआधी अंग धुताना डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक हाताला लागलं. जावेला सांगितलं तर म्हणते, 'दुखत नाही तं दवाखान्यात काहाले जा?' ह्यांना सांगायची लाज वाटते. कापूस फुटला आहे, वेचणी झाली की पाहू, असं मनाशी ठरवलं आहे. चालेल ना?"

नाही गं, चालणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते. याच आठवड्यात जा.

कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. दुखली असती तर तू पहिल्याच दिवशी गेली असतीस. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या असतात हेही तितकंच खरं. पण कोणती साधी, हे नुसत्या हाताला कळत नाही. डॉक्टरांनाही त्यासाठी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, कधी सुईची तपासणी करावी लागते. सुई टोचली की रोग पसरतो, असं कोणी म्हणेल. ते खोटं आहे.

माझ्या मावशीने गाठ वर्षभर पदराआड ठेवली. चोळीला डाग पडायला लागले तेव्हा जुन्या लुगड्याची घडी आत ठेवून ती वेचणीला जायची. न्हाणीमागे वाळत घातलेली ती चिंधी आईला दिसली, तेव्हा घरात कळलं. तोवर गाठ काखेत उतरली होती. मावशी वाचली नाही.

आर्वीहून वर्ध्याला एसटीने जा; तिथून आठ किलोमीटरवर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. आधार आणि रेशन कार्ड सोबत घे. उपचार लागलेच तर कॅन्सर सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसतो. वाट माहीत नसेल तर आशाताईला विचार. तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, पण तुला गाठ लागली आहे, तू शिबिराची वाट पाहू नकोस.

नवऱ्याला आज रात्री जेवणं झाल्यावर सांग. "छातीत गाठ लागली, सेवाग्रामला जायचं आहे, तुम्ही सोबत चला." एवढंच. लाज वाटावी असं यात काही नाही, आणि परवानगी तर मागूच नकोस.

ती गाठ रोज दाबून पाहू नकोस. पुढे मात्र दर महिन्याला, पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, साबणाच्या हाताने तपासत जा. तीन बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवायची, पार काखेपर्यंत. आरशासमोर हात वर करून बघायचं: कुठे खळी पडली का, स्तनाचं बोंड आत ओढलं का, त्यातून रक्ताळ पाणी येतं का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली का. यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. घरची तपासणी डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी चालत नाही.

जावेलाही हे शिकव. आणि तुझ्या वाट्याच्या कापसाच्या ओळींवर चार दिवस तिलाच वेचणीची ओटी बांधायला सांग. रिपोर्ट आला की मला लिही, मी वाट पाहते.